पाचशेचं तिकीट, तेवीसशेचं नाटक

प्रश्न : मी बेळगावात शहापूरला राहते. एका पतसंस्थेत नोकरी करते, पगार 19 हजार. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत फिटर आहेत, मुलगा नववीत आहे. मला लहानपणापासून नाटकाचं वेड. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह होतं तोवर आम्ही मैत्रिणी गाडी करून जायचो आणि रात्रीच परत यायचो. ते जळाल्यापासून मी पुण्याला नणंदेकडे जाऊन नाटक बघून येते. गेल्या वर्षी पुण्यात दोन, सांगलीत एक आणि बेळगावात सहा नाटकं बघितली. बेळगावच्या सहापैकी तिघांना मावसभावानं पास आणून दिले. मी सगळा खर्च वहीत लिहिते. तो 12,150 रुपये झाला, आणि नेमकी ती वही मिस्टरांच्या हातात पडली. म्हणाले, “एवढ्यात फ्रीज आला असता. मोबाईलवर सगळं फुकट बघायला मिळतंय की. नाटकाला एवढे पैसे कोण घालतंय?” मी त्यांच्या शनिवारच्या पार्ट्यांचा विषय काढला, तर आठवडाभर बोलले नाहीत. त्यात मुंबईची भाची म्हणते, बीकेसीतल्या मोठ्या थिएटरात परदेशी म्युझिकल येणार आहे, पाच हजारांचं तिकीट आहे, येतेस काय? जावंसं वाटतं, खरं धाडस होत नाही. माणसानं नाटकाला किती पैसे घालावेत? वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवते.
— एक वाचक, बेळगाव

ताई,

वहीचं पान पाठवलंत हे फार बरं केलंत. ‘खूप खर्च होतो’ असं लिहिणारे पुष्कळ असतात, आकडा कोणी देत नाही. तुम्ही पतसंस्थेतल्या, म्हणून जमा-खर्च तारखेसकट आहे.

फक्त खाती चुकली आहेत. पुण्याच्या दुसऱ्या फेरीत लक्ष्मी रोडवर घेतलेली 3,350 रुपयांची साडी नाटकाच्या खात्यात कशी काय आली? नाटक नसतं तरी ती साडी खडेबाजारात कुठेतरी तुम्ही घेतलीच असतीत. नणंदेच्या मुलांना नेलेला खाऊ आणि खेळणी, 1,100 रुपये, हेही नात्यातलं देणं आहे. ही दोन्ही काढली की उरतात 7,700. म्हणजे महिन्याला साडेसहाशेच्या आत. मिस्टर चिडले ते 12,150 वर, आणि तो आकडा त्यांना तुमच्याच वहीनं दिला. आधी ते पान नीट लिहा.

आता त्या 7,700 मध्ये तिकिटं किती? पुण्याची दोन पाचशेची, सांगलीला तुमचं आणि मुलाचं मिळून सहाशे, बेळगावात तीन नाटकांचे प्रत्येकी चारशे. सगळी मिळून 2,800. उरलेले 4,900 रेल्वेत, गाडीच्या भाड्यात आणि खाण्यापिण्यात गेले. पुण्याचं एक नाटक तुम्हाला 2,300 ला पडलं, बेळगावचं 400 ला. नाटक महाग झालंय अशी तक्रार आपल्याकडे सतत ऐकू येते. तुमच्या हिशेबात मात्र महाग आहे तो रस्ता.

सीमाभागातल्या रसिकाचं हे जुनंच दुखणं. नाटक बसतं मुंबई-पुण्यात, त्याचं कान देऊन ऐकणारं माणूस राहतं निपाणीत, खानापुरात, बेळगावात. कोल्हापूर आपल्यापासून 110 किलोमीटरच्या आसपास, पुणे त्याच्या तिप्पट. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं नाट्यगृह जळालं, आणि दुसऱ्या दिवशी, 9 तारखेला, केशवरावांची जयंती होती. त्या आगीनं शाहू महाराजांनी उभारलेली वास्तू तर गेलीच, आपल्यासारख्यांचं ‘रात्री परत यायचं नाटक’ही गेलं. तुमच्या वहीत पुणे शिरलं ते त्यानंतर. मिस्टरांना एवढी एक गोष्ट सांगितलीत तरी निम्मा राग उतरेल, कारण हा खर्च तुमच्या हौसेनं वाढलेला नाही.

“नाटकाला एवढे पैसे कोण घालतंय?” या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांना आवडणार नाही. खूप लोक घालतात, आणि अचाट घालतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 2016 मध्ये ‘हॅमिल्टन’ या म्युझिकलच्या खास खुर्च्यांचा दर खिडकीवरच 849 डॉलर होता, तेव्हाच्या भावानं पन्नास हजार रुपयांच्या वर. 2025 मध्ये शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त डेन्झेल वॉशिंग्टन उभा राहिला तेव्हा चांगल्या खुर्च्या 921 डॉलरवर गेल्या. त्याच ‘हॅमिल्टन’च्या काही खुर्च्या रोज सोडत काढून दहा डॉलरला दिल्या जायच्या, आणि ज्या हॅमिल्टनवर ते म्युझिकल आहे त्याचंच चित्र अमेरिकेच्या दहा डॉलरच्या नोटेवर आहे. धंदेवाईक माणसाची गंमत बघा! टाइम्स स्क्वेअरमध्ये 1973 पासून एक खिडकी आहे, तिथे त्या दिवशी न खपलेली तिकिटं निम्म्या दरापर्यंत उतरवून विकतात. म्हणजे तिकडचा रसिकही सगळाच श्रीमंत नाही. तोही रांगेत उभा राहतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 8 जुलै 1921 चा ‘संयुक्त मानापमान’ नाटकाचा प्रयोग सांगा. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले. दर नेहमीच्या कितीतरी वर, तरी थिएटर तुडुंब. आणि केशवरावांनी आपली ललितकलादर्श मंडळी काढली होती 1908 मध्ये, आपल्या शेजारच्या हुबळीत. तिकीट काढून नाटक बघणं हे पुण्याहून आपल्याकडे आलेलं खूळ नाही. पहिलं संगीत शाकुंतल करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि कन्नड कंपनी नाटकाचे एणगी बाळप्पाही ह्याच जिल्ह्यातले. (तुम्हाला कन्नड समजत असणारच. जत्रेत कंपनीचा तंबू लागला की तिकडेही फिरका. अभिनय बघायला भाषेचा वाद आड येत नाही.)

तिकीट महाग का होत जातं, हेही मिस्टरांना त्यांच्याच कारखान्यातून समजेल. नवीन मशीन आलं की तेवढ्याच माणसांत जास्त कास्टिंग निघतात, नगामागचा खर्च उतरतो. पाच पात्रांच्या नाटकाला मात्र शंभर वर्षांपूर्वी पाच माणसं लागायची आणि आजही पाचच लागतात. दोन अंक दोन तासांचेच राहतात, घाई करून जास्त माल काढता येत नाही. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये हे नीट मांडून दाखवलं. मोबाईलवरचं नाटक फुकट पडतं कारण ते एकदाच झालेलं असतं. तुमच्यासमोरचं त्या रात्री पुन्हा करावं लागतं, डिझेल घालून बस आणावी लागते.

पाचशेच्या आकड्याचंही एक कारण आहे, तेवढं सांगून पुढे जाते. नाटकाचं तिकीट 500 रुपयांपर्यंत असेल तर त्याला जीएसटी माफ. ही मर्यादा आधी 250 होती, 2018 च्या जानेवारीत 500 झाली. 500 ओलांडलं की 18 टक्के, आणि तेही वरच्या शंभरावर नाही, सगळ्या तिकिटावर. सहाशेचं तिकीट कर धरून 708 होतं. म्हणून निर्माते पाचशेला घुटमळतात. भाचीच्या त्या पाच हजारांत कर धरलेला असेल तर साडेसातशेच्या वर नुसता करच आहे.

आता मला जे खरं बोलायचं आहे ते. ताई, पुण्यात तुम्ही पाचशे रुपये बिनतक्रार मोजता आणि बेळगावात मावसभावाकडून पास घेता. तुमच्या सगळ्या पानावर मला खटकलेली गोष्ट ही एकच.

बाहेरचं नाटक इथे कसं येतं ते मी बुकिंगच्या टेबलामागे बसून बघितलेलं आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी असा दौरा लागतो, जमलं तर बेळगाव, तिथून कधी गोवा. इथला कॉन्ट्रॅक्टर किंवा एखादी संस्था प्रयोग ठरावीक रकमेला विकत घेते. मग कलाकारांच्या नाइट (एका प्रयोगाचं मानधन), पडद्यामागच्या कामगारांचे पैसे, बस, नेपथ्याचा टेम्पो, थिएटरचं भाडं, लाइट-साउंड, जाहिरात, लॉज, जेवण. लोकमान्य रंगमंदिरात दोनशे माणसं बसली काय आणि सगळ्या खुर्च्या भरल्या काय, यातला एक रुपयासुद्धा कमी-जास्त होत नाही. नफा असतो तो शेवटच्या काही रांगांत, आणि तोटाही तिथेच.

आणि पास कुठल्या रांगांचे जातात? पहिल्या चार-पाच, सगळ्यात महाग. समजा चारशेच्या खुर्चीचे शंभर पास वाटले. चाळीस हजार रुपये तिथल्या तिथे बुडाले. जाहिरातदार, ओळखीचे, त्यांचे ओळखीचे, सगळे पुढे. आणि त्यातले निम्मे पहिला अंक सुरू झाल्यावर मोबाईलची बॅटरी लावून खुर्ची शोधत येतात, कारण फुकटच्या गोष्टीला वेळेवर यायची गरज वाटत नाही. ज्यानं तिकीट काढलं तो सातव्या रांगेतून त्यांच्या टाळूकडे बघतो. असे दोन-तीन प्रयोग अंगावर आले की कॉन्ट्रॅक्टर हात झटकतो आणि पुढच्या दौऱ्यातून बेळगाव गळतं. मग तेच नाटक बघायला तुम्ही पुण्याला जाता आणि 2,300 मोजता. तुमचे तीन पास म्हणजे 1,200 रुपये. त्यांच्यामुळे प्रयोग बंद पडले असं मी म्हणत नाही. पण 2015 च्या फेब्रुवारीत 95 वं नाट्यसंमेलन ज्या गावात भरलं, गायिका-अभिनेत्री फैय्याज अध्यक्ष होत्या, त्या गावातल्या खऱ्या नाटकवेड्यांनीच पासवर बसायचं म्हटलं तर खिडकीवर यायचं कुणी?

तेव्हा किती पैसे घालावेत याचं माझं उत्तर असं. वर्षाला नऊ हजार, आणि त्यातले पहिले बेळगावात. पतसंस्थेत आहात, तुम्हाला पिग्मी, म्हणजे रोजची थोडी-थोडी बचत, शिकवायला नको. रोज 25 रुपयांचं एक वेगळं खातं काढा, वर्षाचे नऊ हजारांच्या थोडे वर होतात. तुमच्या पगाराच्या मानानं हे चार टक्के. घरचं धान्य, मुलाची फी, हप्ता यांना धक्का नाही, आणि फ्रीजच्या पैशाशी याचा संबंध नाही. खात्यात आहे तेवढंच नाटक. संपलं की त्या वर्षाचा पडदा पडला.

बेळगावची सहा नाटकं पूर्ण तिकीट काढून : 2,400. त्यातल्या दोनांना मिस्टर आणि मुलगा : आणखी 1,600. पुण्याची एक फेरी, साडी सोडून : 2,300. सांगलीची एक, मुलाला घेऊन : 1,900. झाले 8,200. उरलेले आठ-नऊशे आजूबाजूच्या गावांसाठी ठेवा. जत्रेत पोरं हौसेनं ऐतिहासिक नाटक उभं करतात, तलवारी भाड्याच्या, आवाज फाटलेला, राजा दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या डेअरीत कॅन उचलताना दिसतो. तिथे तिकीट नसतं म्हणून वर्गणी द्यायची. सांगली-कोल्हापूर केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग नाममात्र दरात असतात. सांगलीची फेरी तेव्हा ठरवलीत तर एका गाडीभाड्यात दोन नाटकं बसतील.

पुण्याच्या फेरीसाठी एक नियम : जे नाटक दौऱ्यावर इकडे येण्यासारखं आहे त्यासाठी पुण्याला जायचं नाही. गाजलेल्या नटाचं, चार पात्रांचं, एका दिवाणखान्यातलं नाटक आज ना उद्या इकडे येतं. मोठं नेपथ्य, पंचवीस माणसांचा ताफा, ठरावीकच प्रयोग जाहीर केलेलं नाटक येत नाही. पुणं त्यासाठी राखून ठेवा.

आणि खुर्ची. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुण्याची दोन्ही तिकिटं पहिल्या रांगांची दिसतात. पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं. दोन-तीन पात्रांच्या नाटकात पाचवी-सहावी रांग मधली, तिथून डोळे दिसतात, त्याचे पाचशे द्यायला माझी हरकत नाही. संगीत नाटकाला थोडं आणखी मागे, नाहीतर ऑर्गन आणि तबलाच ऐकत बसाल. मोठ्या नृत्याच्या, समूहाच्या नाटकाला तर बाल्कनी उत्तम. आकृत्या वरूनच कळतात, आणि तिथे दरही उतरलेला असतो.

म्हणूनच भाचीला ‘नाही’ म्हणू नका. बीकेसीतलं ते थिएटर दोन हजार खुर्च्यांचं आहे, आणि परदेशी म्युझिकल हा बघायचाच प्रकार आहे. आयुष्यात एकदा एवढं मोठं काम डोळ्यांनी बघावं. पण पाच हजारांच्या खुर्चीत नाही. तिला सांगा, विक्री सुरू होईल त्या दिवशी सगळ्यात स्वस्त खुर्ची बघ, आठवड्याच्या मधल्या वारची. त्या वर्षी पुणं आणि सांगली दोन्ही बंद. त्यांचे 4,200 आणि वरचे आठ-नऊशे धरून पाच हजार होतात. मुंबईचं जाणं-येणं आणि खाणं त्यातून वजा करा. तिकिटाला तीन हजारांच्या आसपास उरतील. तेवढ्यात बसलं तर जा. नाही बसलं तर पुढच्या खेपेला. बेळगावच्या 4,000 ना मात्र हात लावायचा नाही.

राहिले मिस्टर. त्यांच्या शनिवारच्या पार्टीचा हिशेब पुन्हा काढू नका. त्यांनी तुमच्या वहीला हात लावला म्हणून तुम्ही त्यांच्या खिशाला हात लावलात, त्यातून फक्त अबोला मिळाला. नवीन पान लिहा, पिग्मीचं पासबुक समोर ठेवा, आणि 7,700 चा हिशेब एकदाच, शांतपणे, तिकीट वेगळं आणि प्रवास वेगळा करून दाखवा. फिटर माणूस आहे, माप बरोबर दिसलं की पटतं.

आणि त्यांना थेट प्रयोगाला नेऊ नका. रडकं कौटुंबिक नाटक तर मुळीच नको. मावसभावाची थिएटरात ओळख आहे ना, ती इथे वापरा. प्रयोगाच्या दिवशी दुपारी नेपथ्याचा टेम्पो लागतो. चार माणसं दोन-तीन तासांत अख्खं घर उभं करतात, दारं उघड-मीट होणारी, भिंतीत खिडकी, मागून लाकडी टेकू आणि खिळे. रात्री प्रयोग संपला की तासाभरात ते घर पुन्हा टेम्पोत. उद्यमबागेतल्या माणसाला हे अर्धा तास बघू दे. पुढे बसायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू दे. नाहीच बसले तरी चारशे रुपये वाचले, ते त्याच खात्यात.

मावसभाऊ पास घेऊन आला तर त्याला चहा द्या आणि पास परत द्या. रागावू नका, त्याचा बिचाऱ्याचा हेतू चांगला आहे. त्याला दुसरं काम सांगा : पुढच्या नाटकाचा प्लॅन (तिकीटविक्री) कधी उघडणार ते दोन दिवस आधी कळव. तिकीट आम्ही खिडकीवर काढू.